रचना जमवायची कशी? चित्र आणि डिझाइन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

हात चांगला आहे, रंग नीट लावता येतात, सॉफ्टवेअरही बऱ्यापैकी हाताळता येतं, तरी बघणारा दोन सेकंदांत नजर काढून घेतो. नव्याने शिकणाऱ्यांची ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा खोट रेखाटनात नसते. काय कुठे, केवढं आणि कशाच्या शेजारी ठेवायचं हे ठरलेलंच नसतं. जे जिथे मावलं तिथे ते बसलेलं असतं. हे ठरवणं म्हणजेच रचना.

रचनेची तत्त्वं सहसा यादीने शिकवली जातात: समतोल, लय, प्रमाण, विरोध, प्राबल्य, एकसंधता. यादी पाठ झाली की परीक्षेत गुण मिळतात. पण कोरा कागद समोर आला की यातलं आधी काय हाताशी घ्यायचं, हे ती यादी सांगत नाही. म्हणून इथे तत्त्वं कामाच्या क्रमाने घेतली आहेत. निसर्गचित्र असो, पोस्टर असो की मोबाइलवर टाकायची पोस्ट, क्रम साधारण हाच राहतो. पहिल्या चार पायऱ्यांत घाई केली तर पुढे कितीही रंग चढवा, उपयोग नाही.

१. आधी एक वाक्य लिहा

कागदाच्या मागच्या बाजूला लिहा: बघणाऱ्याला सगळ्यात आधी काय दिसलं पाहिजे? ‘वाचणारी मुलगी’ एवढं पुरत नाही, तो फक्त विषय झाला. ‘वाचणाऱ्या मुलीच्या पुस्तकावर पडलेलं ऊन’ म्हटलं की कामाला लागता येतं. मग दुसऱ्या क्रमांकावर काय, तिसऱ्यावर काय तेही लिहून टाका. तीनच्या पुढे जाऊ नका. त्यानंतरचं सगळं पार्श्वभूमीत गेलं तरी चालतं, किंबहुना जायलाच हवं.

डिझाइनच्या कामात हे वाक्य काम देणाऱ्याकडून काढून घ्यावं लागतं आणि तो हमखास म्हणतो, ‘सगळंच महत्त्वाचं आहे.’ वाद घालू नका. त्याला विचारा, ‘यातली एकच ओळ छापायची झाली तर कोणती?’ उत्तर लगेच येतं.

२. चौकट निवडा

आपण कागद आहे तसा समोर ओढतो आणि सुरुवात करतो. पण चौकटीचं प्रमाण हा रचनेतला पहिला निर्णय आहे. पसरट आडवी चौकट नजरेला डावी-उजवीकडे फिरवते, उभी चौकट वर-खाली. चौरसात नजर मध्याकडे ओढली जाते. एकट्या उंच झाडाला आडव्या चौकटीत बसवलं की दोन्ही बाजूंना उरलेल्या जागेचं काय करायचं हा प्रश्न पडतो, आणि मग तिथे उगाच डोंगर आणि पक्षी येतात.

काम कुठे दिसणार आहे त्यावरून चौकट ठरते. छापील पोस्टर बहुधा ए-मालिकेतल्या कागदावर असतं. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी, बाजूंचं प्रमाण १ : १.४१४. या मालिकेची गंमत अशी की कागद अर्धा दुमडला तरी प्रमाण तेच राहतं, त्यामुळे ए४ वर ठरवलेली रचना ए३ किंवा ए२ वर तशीच मोठी करता येते. पडद्यावर मात्र एकीकडे १ : १ चौरस, दुसरीकडे १६ : ९ आडवी चौकट आणि तिसरीकडे ९ : १६ उभी. एकीसाठी केलेलं काम ताणून दुसरीत बसवू नका. घटक तेच ठेवून मांडणी नव्याने करावी लागते.

३. छोटी रेखाटनं, भरपूर

ए४ कागद एकाआड एक दिशेने चार वेळा अर्धा दुमडा आणि उलगडा. १६ घरं मिळतात, प्रत्येक साधारण ५२ × ७४ मिमी, आणि प्रत्येकाचं प्रमाण मूळ कागदाचंच. काम चौरस असेल तर हातानेच चौरस आखा. आता जाड पेन घ्या. बारीक टोकाची पेन्सिल नको, कारण ती हातात आली की आपण पापण्या आणि पानांच्या शिरा काढत बसतो. एका घराला दोन मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका.

वाचणाऱ्या मुलीचंच उदाहरण चालवू. पहिल्या घरात हटकून येणारं चित्र म्हणजे मधोमध खिडकी, तिच्यापुढे मधोमध मुलगी, खाली टेबलाची आडवी रेघ. येऊ द्या. ते डोक्यातून कागदावर उतरल्याशिवाय पुढचं सुचत नाही. दुसऱ्या घरात खिडकी एवढी मोठी करा की चौकट जवळपास तिनेच भरेल आणि मुलगी कोपऱ्यातला एक गडद आकार होईल. तिसऱ्यात इतकं जवळ जा की फक्त दोन हात, पुस्तक आणि उन्हाचा तिरका पट्टा उरेल. चौथ्यात खिडकीबाहेरून बघा. पाचव्यात खोली जवळपास अंधारी, मुलगी लहान, प्रकाश फक्त पुस्तकावर. सहाव्यात वरून, छतावरून पाहिल्यासारखं. असं करत सोळाही घरं भरा. शेवटच्या चार-पाच घरांपाशी डोकं रिकामं होतं, चिडचिड होते, आणि बऱ्याचदा चांगली कल्पना तिथेच सापडते.

आता मागचं वाक्य वाचा. पुस्तकावरचं ऊन दाखवायचं असेल तर तिसरं आणि पाचवं घर कामाचं. दुसरं दिसायला सुंदर असेल, पण ते खिडकीचं चित्र आहे. ते बाजूला ठेवा, पुन्हा कधीतरी उपयोगी पडेल.

संगणकावर थेट सुरुवात करणाऱ्यांनी ही पायरी टाळू नये. पडद्यावर पहिली मांडणी पाच मिनिटांत इतकी नीटनेटकी दिसू लागते की ती मोडायचा धीर होत नाही. मग उरलेला वेळ तीच वाईट मांडणी दहा मिलिमीटर इकडेतिकडे सरकवण्यात जातो.

४. तीन छटांत चित्र उभं करा

सगळ्या पायऱ्यांतली सगळ्यात महत्त्वाची पायरी मला विचाराल तर हीच. निवडलेली दोन रेखाटनं थोडी मोठी काढा आणि ती फक्त तीन छटांत भरा: काळा, मध्यम करडा आणि कागदाचा पांढरा. रेषा नाही, रंग नाही, पोत नाही. प्रत्येक आकाराला यातली एकच छटा द्यायची. पुस्तक पांढरं, मुलगी काळी, खोली करडी. आता चित्र वाचता येतंय का? येत नसेल तर रंगांनी ते सुधारणार नाही.

दोन गोष्टी सांभाळा. एक, तिन्ही छटांना समसमान वाटा नको. एक छटा अर्ध्याहून जास्त जागा घेऊ दे, दुसरी बरीच कमी, तिसरी चिमूटभर. ती चिमूटभर छटा जिथे पडते तिथेच नजर जाते. दोन, गडद आकार एकमेकांना जोडा. मुलीचे केस, खुर्चीची पाठ, भिंतीवरची सावली हे तीन वेगळे काळे तुकडे ठेवण्याऐवजी एकाच मोठ्या काळ्या आकारात मिसळू द्या. सुट्टे ठिपके जितके जास्त, तितकं चित्र विस्कटलेलं वाटतं. केसांची कड सावलीत हरवली तरी घाबरू नका, बघणाऱ्याचा मेंदू ती भरून काढतो.

कात्सुशिका होकुसाई या जपानी चित्रकाराचं साधारण १८३१ सालचं लाटेचं मुद्राचित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ते समोर ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. डावीकडून उठलेल्या निळ्या लाटेने चौकटीचा मोठा भाग व्यापला आहे. फुजी पर्वत, जपानमधला सगळ्यात उंच डोंगर, तो मात्र खाली, मध्याच्या जरा उजवीकडे, एवढासा. तरी तो हरवत नाही. लाटेच्या वळणाने खाली एक खोलगट पोकळी तयार झाली आहे आणि डोंगर नेमका त्या पोकळीत बसवला आहे. वरून फेसाची बोटं त्याच्याकडे वळलेली. डोंगरावरचं बर्फ आणि लाटेचा फेस दोन्ही पांढरे, त्यामुळे नजर एका पांढऱ्यावरून दुसऱ्या पांढऱ्यावर जाते. जवळच्या लाटेचा आकारही टोकाला पांढरं असलेल्या डोंगरासारखाच. तो आकार पुन्हा आल्याने चित्राला लय येते. तीन होड्या लाटांच्याच वळणात झोपल्यासारख्या आहेत, म्हणून त्या पहिल्यांदा दिसत नाहीत. थोड्या वेळाने दिसतात, आणि मग आत माणसं आहेत हे लक्षात येतं. लाट, डोंगर, माणसं: क्रम ठरवलेला आहे, आणि तो आकारमान, पोकळी आणि छटा यांनीच ठरवला आहे.

व्हिसलर या अमेरिकी चित्रकाराने १८७१ साली आपल्या आईचं चित्र काढलं आणि त्याला करड्या-काळ्या रंगांची रचना अशा अर्थाचं नाव दिलं. आईचा उल्लेख नावात मागाहून येतो. काळ्या पोशाखाचा एकसंध त्रिकोणी आकार करड्या भिंतीवर कसा बसलाय ते पाहिलं की नाव तसं का दिलं ते कळतं.

५. मुख्य गोष्ट नेमकी कुठे?

इथे सगळे ‘एक तृतीयांशाचा नियम’ सांगतात: चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि मुख्य गोष्ट रेघा जिथे छेदतात तिथे ठेवा. नियम वाईट नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही ती जाळी असते. पण तो मूळचा ठिपक्यांचा नियमच नव्हता. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये तो मांडला तेव्हा त्याचा रोख प्रमाणावर होता: निसर्गचित्रात आकाश आणि जमीन यांना अर्धा-अर्धा वाटा देऊ नका, एकाला दोन तृतीयांश आणि दुसऱ्याला एक तृतीयांश द्या. हा सल्ला आजही जास्त उपयोगाचा आहे. क्षितिज बरोबर मध्यावर आलं की चित्राचे दोन सारखे तुकडे होतात आणि कुठला तुकडा महत्त्वाचा हे कळत नाही.

सुवर्ण गुणोत्तराबद्दल, म्हणजे १ : १.६१८ बद्दल, इतकं गूढ बोललं जातं की नवखा माणूस दबून जातो. हिशेबच करून बघा. ए४ कागदाच्या २९७ मिमी लांबीवर दोन तृतीयांशाची खूण १९८ मिमीवर येते, सुवर्ण गुणोत्तराची सुमारे १८३.५ वर. फरक दीड सेंटिमीटरहूनही कमी. एवढ्या फरकाने फसलेलं चित्र सावरत नाही. आणि कुठल्याही प्रसिद्ध चित्रावर या गुणोत्तरातून काढलेलं सर्पिल वळण ठेवून, थोडं फिरवून, थोडं मोठं करून ‘बघा, जमलं!’ म्हणता येतं. त्यात वेळ घालवू नका.

मधोमध ठेवणं चूक आहे असंही नाही. लिओनार्दोच्या ‘शेवटचं भोजन’ या भित्तिचित्रात येशू बरोबर मध्यावर आहे, छताच्या आणि भिंतींच्या रेषा त्याच्याच डोक्यापाशी येऊन मिळतात, मागची उजळ खिडकीही तिथेच. गंभीर, स्थिर, अधिकाराचं काही दाखवायचं असेल तर मध्य उत्तम. फक्त दुसरं काही सुचलं नाही म्हणून मध्य नको. शब्द किंवा चिन्ह मधोमध ठेवताना ते मोजून आलेल्या मध्याच्या किंचित वर ठेवा, कारण बरोबर मध्यावर ठेवलेली गोष्ट डोळ्याला खाली घसरल्यासारखी वाटते.

जागेपेक्षा नजर ओढण्याचं बळ जास्त कशात असतं? चेहऱ्यात. गर्दीत वेगळ्या पडलेल्या आकारात. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ छटा जिथे भिडतात तिथे. अल्फ्रेड यार्बुस या सोव्हिएत शास्त्रज्ञाने चित्र पाहताना डोळे कसे हलतात याची नोंद केली होती. त्याचं काम १९६० च्या दशकात प्रसिद्ध झालं. रशियन चित्रकार इल्या रेपिनच्या एका चित्रावरच्या नोंदींत डोळे पुन्हा पुन्हा चेहऱ्यांकडे आणि माणसांकडे वळलेले दिसतात. शिवाय बघणाऱ्याला प्रश्न बदलून विचारला की नजरेचा रस्ताही बदलत होता. म्हणजे ‘ही वाट नजरेला आत घेऊन जाते’ असं आपण म्हणतो तेव्हा नजर त्या वाटेवरून चालत जाते असं समजू नये. ती उड्या मारते. वाटेची रेषा उपयोगी पडते, पण टोकाला बघण्यासारखं काही असेल तरच.

चेहरा घेतलाच असेल तर तो कुठे बघतोय याकडे लक्ष द्या. पोस्टरमधला माणूस चौकटीबाहेर बघत असेल तर बघणारंही बाहेर बघतं. त्याला मजकुराकडे वळवा.

६. समतोल

दोन्ही बाजूंना सारखं ठेवलं की समतोल आपोआप येतो, पण चित्र लवकर कंटाळवाणं होतं. खरा सराव विषम समतोलाचा करायचा. इथे वजन म्हणजे नजरेला जाणवणारं वजन. गडद आकार हलक्यापेक्षा जड, भडक रंग मवाळ रंगापेक्षा जड, कडेजवळची वस्तू मध्याजवळच्या वस्तूपेक्षा जड. लहान मुलांच्या सी-सॉवर हलकं मूल टोकाला बसून जड मुलाला तोलतं, तसा छोटा गडद आकार कडेला राहून मोठ्या फिक्या आकाराला तोलतो.

डच चित्रकार पीट मोंद्रियानने १९३० साली केलेली लाल-निळ्या-पिवळ्या रंगांची चौरस रचना याचा सोपा धडा आहे. वर उजवीकडे प्रचंड लाल चौरस. खाली डावीकडे लहान निळा, अगदी खाली उजव्या कोपऱ्यात पिवळ्याची जेमतेम पट्टी. बाकी पांढरं आणि काळ्या रेघा. निळ्यावर बोट ठेवून तो झाका. सगळं चित्र वर-उजवीकडे कलंडतं. बोट काढा, सावरतं. तुमच्या कामावरही हा प्रयोग करा: एकेक घटक बोटाने झाकत जा. झाकल्यावर काहीच बिघडत नसेल तर तो घटक तिथे कशाला आहे?

७. मोकळी जागा

वस्तूंच्या मधली जागा हीसुद्धा आकारच असते. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिनने १९१५ च्या सुमारास दाखवलेली फुलदाणीची आकृती ओळखीची असेल: मध्ये फुलदाणी दिसते, आणि नजर बदलली की समोरासमोर दोन चेहरे. आपण फक्त फुलदाणी काढतो आणि बाजूला काय तयार झालं ते बघत नाही. म्हणून एखादं रेखाटन फक्त मोकळ्या जागांचं करा. खुर्ची न काढता खुर्चीच्या दांड्यांमधल्या पोकळ्या काढा. खुर्ची आपोआप, आणि बऱ्याचदा जास्त बरोबर, येते.

मोकळी जागा वाया गेली असं वाटणाऱ्यांनी स्पॅनिश चित्रकार वेलाझकेझचं १६५६ सालचं ‘लास मेनिनास’ बघावं. चित्र तीन मीटरहून उंच, आणि त्याचा वरचा जवळपास अर्धा भाग म्हणजे अंधारी भिंत आणि छत. सगळी माणसं खालच्या भागात. ती अंधारी जागा कापून टाकली तर छोट्या राजकन्येवरचा उजेड तितका उजळ वाटणार नाही.

८. एकत्र काय, वेगळं काय

जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी आपल्याला एक वाटतात, सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एक वाटतात, एका ओळीतल्या गोष्टी एक वाटतात. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमरने १९२३ मध्ये ठिपक्यांच्या साध्या आकृत्या घेऊन हे मांडलं आणि डिझाइनची निम्मी कामं त्यावर चालतात. लिओनार्दोला हे आधीच ठाऊक असावं. त्या भोजनाच्या चित्रात एका टेबलाशी तेरा माणसं आहेत, पण आपल्याला तेरा सुटी माणसं दिसत नाहीत. बारा शिष्य तीन-तीनच्या चार गटांत आहेत आणि मध्ये येशू एकटा. पाचच आकार, म्हणून नजर गोंधळत नाही.

आता एक पोस्टर हातात घेऊ. चित्रकला कार्यशाळेचं, उभं, ए३. मजकूर असा: कार्यशाळेचं नाव, एक ओळ माहिती, तारीख, वेळ, ठिकाण, शिकवणाऱ्यांचं नाव, नोंदणीचा क्रमांक, तीन आयोजकांची चिन्हं, आणि एक चित्र. नवख्या माणसाचं पोस्टर बहुधा असं होतं: वर तिन्ही चिन्हं, खाली सगळा मजकूर मधोमध, प्रत्येक ओळीला वेगळा रंग, अक्षरांना सावली, चार फॉन्ट, उरलेल्या जागेत चित्र, कोपऱ्यांत नक्षी. बारा घटक, बारा ठिकाणी.

सुरुवात गट पाडण्यापासून करा. वाचणाऱ्याचे प्रश्न तीनच असतात: काय आहे? कधी-कुठे? यायचं तर काय करू? नाव आणि माहितीची ओळ हा पहिला गट. तारीख, वेळ, ठिकाण हा दुसरा. शिकवणाऱ्यांचं नाव आणि नोंदणी तिसऱ्यात. चिन्हं सगळ्यात खाली, एका ओळीत, सारख्या उंचीची. एका गटातल्या ओळी जवळ, आणि दोन गटांमधलं अंतर त्या ओळींमधल्या अंतराच्या निदान दुप्पट. एवढं केलं की चौकटी आणि रेघा आखायची गरजच उरत नाही.

मग सगळा मजकूर डाव्या बाजूने एकाच उभ्या रेषेला लावा. मधोमध ओळींच्या दोन्ही कडा दातेरी होतात. डावीकडून लावल्या की एक अदृश्य कणा मिळतो, आणि चित्राची डावी कडही त्याच रेषेवर आणली की दोन्ही जुळतात. मग आकार. नाव आणि तारीख यांच्यात फरक असा हवा की तो शंका न येता दिसेल. ३० पॉइंट आणि ३६ पॉइंट शेजारी ठेवले तर चूक वाटते. ३६ आणि ९० ठेवले तर निर्णय वाटतो. एकूण तीन आकार पुरतात. फॉन्ट एकच घ्या, त्याच्या जाड आणि साध्या वजनांत काम भागतं. शेवटी चित्र: ते निम्म्याहून जास्त जागा घेऊ दे किंवा अगदी छोटं होऊ दे. नेमकं निम्मं नको. चारही बाजूंचा समास तुम्हाला वाटतो त्यापेक्षा थोडा जास्तच सोडा.

आयोजक चिन्हं वर आणा म्हणतील. तेव्हा दोन्ही मांडण्या छापून भिंतीवर लावा आणि त्यांना दहा पावलं मागे उभं करा.

९. देवनागरी अक्षरं

रचनेचे बहुतेक नमुने रोमन लिपीतले असतात, ते जसेच्या तसे उचलले की देवनागरीत फसतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांची शेपटी असते. रोमनसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपट अंतरापासून सुरुवात करा. मथळ्यात ऐटीसाठी अक्षरं एकमेकांपासून लांब करण्याची फॅशन आहे, ती देवनागरीत शिरोरेखा तोडते, तेव्हा नकोच. मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं हा भेदही आपल्याकडे नाही, म्हणून ठसवायचं असेल तर वजन, आकार किंवा मोकळी जागा हीच हत्यारं. जाडी वाढवताना ‘क्ष’, ‘ध’, ‘भ’ यांच्या आतल्या पोकळ्या बुजत नाहीत ना, ते बघा.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला विरोध, म्हणजे दोघांच्या उजळपणातला फरक, गुणोत्तरात मोजता येतो. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला निदान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराला ३ : १ हवं असं सांगितलं आहे. पांढऱ्यावर काळं २१ : १ येतं. पडद्यावरचं शुद्ध पिवळं पांढऱ्यावर जेमतेम १.०७ : १, म्हणजे नाहीच. आणि शुद्ध हिरव्यावर शुद्ध लाल अक्षरं डोळ्यांत खुपतात खरी, पण भरतात २.९ च्या आसपासच. भडक असणं आणि वाचता येणं यांचा संबंध नाही. म्हणूनच रंगांची पाळी छटांनंतर.

१०. कडा आणि चिकटणं

झाडाचा शेंडा चौकटीच्या वरच्या कडेला नेमका टेकलेला, क्षितिजाची रेघ माणसाच्या हनुवटीतून गेलेली, दोन आकारांच्या कडा एकमेकींना अलगद शिवलेल्या: अशा जागी नजर अडकते आणि कुठलं पुढे, कुठलं मागे हे कळेनासं होतं. उपाय सोपा आहे. एक तर आकार एकमेकांवर स्पष्ट चढवा किंवा स्पष्ट दूर करा. कडेने कापायचं असेल तर धीटपणे कापा; माणूस घोट्यावर किंवा मनगटावर कापला की अपघात वाटतो, मांडीच्या मध्यावर कापला की खटकत नाही. छापायच्या कामात कडेपर्यंत रंग असेल तर तो चारही बाजूंना कापायच्या रेषेबाहेर ३ मिमी जादा वाढवा, आणि मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवा.

११. तपासणी आणि सराव

काम उलटं करून बघा. आरशात बघा किंवा संगणकावर डावं-उजवं उलटवा. कललेलं असेल तर लगेच दिसतं. काळं-पांढरं करून बघा. अंगठ्याच्या नखाएवढं लहान करून बघा. मग ते कोणाला तरी तीन सेकंद दाखवून झाका आणि ‘काय दिसलं?’ एवढंच विचारा. ‘आवडलं का?’ विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात.

सरावासाठी आवडत्या चित्रकारांची चित्रं पूर्ण नक्कल करण्यापेक्षा दुमडलेल्या कागदाच्या छोट्या घरांत तीन छटांत उतरवून काढा. एका घराला पाच मिनिटं. होकुसाई, वेलाझकेझ आणि फ्रेंच चित्रकार देगा यांच्यापासून सुरुवात करा. देगाच्या ‘अॅब्सिंथ’मध्ये दोन्ही माणसं उजवीकडे ढकललेली आहेत आणि पुढचा मोठा भाग रिकाम्या टेबलांनी घेतलाय, तीन छटांत उतरवल्याशिवाय ती टेबलं किती काम करतात ते कळत नाही. आणि रेखाटन करण्याचा कंटाळा आला तर काळ्या कागदाचे वेगवेगळ्या मापांचे सहा चौकोन कापा, पांढऱ्या कागदावर सरकवत राहा. सहाही वापरलेच पाहिजेत असं नाही. गर्दी वाटेल अशी एक मांडणी करा, एकटेपणा वाटेल अशी एक, आता पडेल असं वाटणारी एक. प्रत्येकीचा फोटो काढून ठेवा आणि मगच चौकोन हलवा.